पायाखालचा कडीपाट

रायगड चढून गेलेल्या प्रत्येकाने राजवाड्याची जोती पाहिलेली असतात. दगडी चौथरे, मधूनमधून खांबांचे तळखडे, पायऱ्या, एखादी मोरी. सांगणारा हात करून सांगतो, इथे राण्यांचे महाल, इथे प्रधानांचे वाडे. आपण मान डोलावतो, पण डोळ्यांपुढे फारसे काही उभे राहत नाही, कारण जे उभे होते ते लाकडाचे होते. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली आणि लाकडाचे होते नव्हते ते गेले. पुण्याच्या शनिवारवाड्याची तीच गत. १७३२ साली वास्तुशांत झालेला आणि पुढे वाढत गेलेला तो वाडा २७ फेब्रुवारी १८२८ या दिवशी पेटला आणि आठवडाभर जळत राहिला. उरले ते तट, जोती आणि दिल्ली दरवाजावरचा नगारखाना. इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. तोही एकदा नव्हे, तीनदा जळला. शेवटची आग १९८४ च्या दंगलीतली. पुढचा दर्शनी भाग वाचला, मागचा भाग पुढे पुन्हा बांधावा लागला.

म्हणजे आपल्या राजेरजवाड्यांच्या माड्या बहुतेक गेल्या. माडीवरची जमीन कशी होती, तिच्यावर पाऊल टाकले की कसा आवाज येई, खालच्या सोप्यातून वर पाहिले की काय दिसे, हे सांगायला राजवाडे फारसे उपयोगी पडत नाहीत. ते सांगतात आपल्या गल्लीतली जुनी घरे. वाई-मेणवलीचे वाडे, बडोद्याचा तांबेकरवाडा, बेळगाव-शहापूरच्या अरुंद गल्ल्यांमधली दोन खणांची आणि चार खणांची घरे, गोव्यातली जुनी घराणी राहतात ती घरे. यांतल्या ज्या घरांची लाकडी जमीन आज पायाखाली शाबूत आहे ती निव्वळ मजबूत लाकडामुळे शाबूत आहे, असे मला वाटत नाही. मजबूत लाकूड शनिवारवाड्यातही होते, आणि ज्यांच्या फळ्या आज जुन्या बाजारात विकल्या जात आहेत त्या घरांतही होते. ती टिकली ती वेळोवेळी दुरुस्त होत गेली म्हणून. आणि या दुरुस्तीचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही. किल्ल्याच्या डागडुजीचा खर्च दफ्तरात सापडतो, सुताराने कोणाच्या माडीची फळी बदलली हे कोण लिहिणार?

आधी ही जमीन असते कशी ते पाहू. नव्या घरांत वाढलेल्या मुलांना कडीपाट हा शब्दच ठाऊक नसतो, तो त्यांचा दोष नव्हे. जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. जुने घर फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. खांबांच्या डोक्यावर आडवी जाड तुळई, तुळयांवर आडव्या कड्या, हातभराहून कमी अंतराने, आणि कड्यांवर फळ्या. खालून पाहिले तर हे सारे दिसते आणि त्याला कडीपाट किंवा तक्तपोशी म्हणतात. वरून पाहिले तर तीच माडीची जमीन. काही घरांत नुसत्या फळ्या. काही घरांत फळ्यांवर तीनचार बोटे माती चोपून, वर शेणाने सारवलेली जमीन. श्रीमंताघरी मातीऐवजी चुन्याचा कोबा. साध्या घरात फळ्यांच्या जागी बांबू किंवा कारवीच्या काठ्या, वर पाला आणि माती.

आमच्या भागात या प्रत्येक वस्तूला दोन नावे. तुळई म्हणा की तोले, फळी म्हणा की हलगे, कडी म्हणा की जंती. माळ्याला अट्ट म्हणणारी आजी आणि पोटमाळा म्हणणारी सून एकाच घरात असते. खांब आणि कंब यांत तर कोणी कोणाचा घेतला हे विचारायचेही कारण नाही. सुतारकाम करणाऱ्यांचे आडनाव तिकडे बडिगेर, इकडे सुतार, आणि दोघांनाही हाक मात्र एकच, मेस्त्री. गोव्यात उतरले की तिसरे नाव भेटते, सोब्राद. पोर्तुगीजांच्या भाषेत सोब्रादु म्हणजे मुळात फळ्यांची जमीन. त्यावरून वरच्या मजल्याला आणि मग मजल्याच्या घरालाच तो शब्द लागला. एका जमिनीने घराला नाव द्यावे हे मला फार आवडते. आपण माडीवाला म्हणतो तेही तसेच.

लाकूड कुठून येई? आमच्याकडे उत्तर सोपे वाटते, कारण खानापूर, हल्याळ, सुपा, दांडेली ही रानांची नावे लहानपणापासून कानांवर असतात. साग तर होताच, शिवाय मत्ती, किंदळ, नाणा, होन्ने, फणस. पण सोपे वाटते तितके ते सुलभ कधीच नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून जे आज्ञापत्र प्रसिद्ध आहे, १७१५-१६ च्या सुमाराचे, त्यात आरमारासाठी लागणाऱ्या सागवानाविषयी सांगितले आहे की लागेल ते हुजूर परवानगीने तोडावे, त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आणि आंबे-फणस रयतेने लेकरांसारखे वाढवलेले असतात, त्यांना हात लावू नये. तीनशे वर्षांपूर्वीच लाकडाची ओढाताण होती याचा हा पुरावा आहे. घर बांधणाऱ्याच्या पुढे रांगेत जहाज उभे होते.

पुढे इंग्रजांच्या काळी ही रांग वाढली. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी सागवानी जहाजे बांधत. १८१७ साली तिथून पाण्यात उतरलेले त्रिंकोमाली नावाचे जहाज अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. आजही तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत ते सर्वांत जुने समजतात. लाकूड मलबारचे. दोनशे वर्षे ते टिकले ते सागाच्या अंगच्या तेलामुळे, आणि १९९० ते २००१ अशी अकरा वर्षे त्याची दुरुस्ती चालली त्यामुळेही. जहाजांपाठोपाठ आगगाडीचे स्लीपर आले. १८६२ साली उत्तर कानडा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला तो या व्यवहाराच्या ऐन भरात. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रान ही गोष्ट पक्की झाली, आणि रानाच्या काठावरच्या माणसालासुद्धा सागाचा वासा परवान्याशिवाय आणता येईना. ज्यांना परवडे त्यांच्याकडे ब्रह्मदेशाचा साग येऊ लागला. बाकीच्यांनी काय करावे?

त्यांनी जुने लाकूड पुन्हा वापरावे. तेच त्यांनी केले. आपल्या जुन्या घरांतली लाकडे निरखून पाहिली तर एखाद्या कडीला भलत्याच ठिकाणी खाच दिसते, तिच्यात आता काहीच बसलेले नसते. एखादी फळी दुसऱ्यांपेक्षा रुंद आणि जुनी, एका कडेला बिजागरीची भोके, म्हणजे ती कधी काळी दाराची झडप होती. एखाद्या खांबाचे कोरीव काम अर्धे जमिनीत गेलेले. ही घरे एकदा बांधलेली नाहीत. त्यांच्यातले लाकूड घरापेक्षा वयाने मोठे असू शकते. म्हणून ‘आमचे घर दोनशे वर्षांचे’ म्हणणाऱ्याला मी हसत नाही, पण घरातली कोणती वस्तू, असे मनात विचारतो.

आता दुरुस्तीकडे वळू. कडीपाटाची जमीन बांधतानाच पुढे उलगडता येईल अशी बांधलेली असे, हे ती दुरुस्त करायला घेतली म्हणजे कळते. तुळई खांबाच्या डोक्यावर बसते, तिला सळया-सिमेंटने जखडलेले नसते. कडी तुळईवर टेकते आणि भिंतीतल्या खोबणीत शिरते. फळीची कड दुसऱ्या फळीच्या कडेवर अर्धी चढते, किंवा एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसते. खिळे लोहाराने ठोकलेले, चौकोनी, बोटाएवढे, आणि थोडे. पुष्कळ जागी खिळ्याऐवजी लाकडाची मेख. तारेचे गिरणीचे खिळे स्वस्त झाल्यावर मात्र मेस्त्र्यांचा हात सैल सुटला आणि एका फळीला डझनभर खिळे दिसू लागले. जिथे खिळे जास्त तिथे फळी जास्त फाटलेली, हे कोणत्याही जुन्या माडीवर पाहता येईल. लाकूड ऋतूप्रमाणे हलते. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दहा इंच रुंद सागवानी फळी वर्षभरात दोनतीन मिलिमीटर कमीजास्त होते. दोन्ही कडांना घट्ट खिळे मारले तर ती बिचारी मध्ये चिरण्यावाचून काय करणार!

पण मेस्त्री येण्याच्या आधी दुरुस्तीची सुरुवात होई, आणि ती बायकांच्या हातून. या गोष्टीकडे कोणाचे लक्ष गेलेले मला दिसले नाही. सारवण म्हणजे स्वच्छता, पावित्र्य, सणवार असे आपण मानतो, आणि ते खरेच आहे. पण आठवड्याला किंवा पंधरवड्याला घरातल्या बाईचा तळवा माडीच्या जमिनीच्या वीतन्‌वीत जागेवरून फिरतो, ही तपासणीच होती. माती कुठे मऊ लागते, कुठे खोल गेली, कुठे पोपडा सुटतो, कोपऱ्यात वाळवीची मातीची नळी कुठून चढते, कडीखाली पिवळी भुकटी कुठे पडते, हे तिला सर्वांत आधी कळे. घरातले पुरुष त्या जमिनीवर फक्त चालत. ज्या दिवशी फरशी बसली त्या दिवशी गुडघ्यावर बसून सारवण्याचा त्रास गेला, आणि तो गेला हे उत्तमच झाले. पण तपासणीही त्याबरोबर गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

लाकडी जमिनीचा खरा शत्रू वय नव्हे, वाळवीसुद्धा नव्हे. पाणी. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही. खाते ती पांढरी कड, आणि मऊ जातीचे लाकूड. पण ओलाव्यापुढे गाभ्याचेही चालत नाही. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊन तिथेच राहिला की बुरशी लागते, आणि बुरशीने मऊ केलेले लाकूड मग सगळ्यांचेच अन्न. म्हणून फळी मधल्या जागी क्वचित कुजते. कुजते ती भिंतीलगत, न्हाणीलगत, कौले फुटलेल्या जागेखाली, आणि पन्हळ जिथे भिंतीवर गळते तिथे. सर्वांत आधी जाते ते कडीचे भिंतीत शिरलेले टोक, कारण ते दिसत नाही आणि त्याला वारा लागत नाही. माडीची जमीन एका बाजूला कलली, कपाटाचे दार आपोआप उघडू लागले की समजावे, फळी ठीक आहे, कडीचे टोक गेले. लोक मात्र फळी बदलतात.

जुना मेस्त्री प्रथम फळीकडे पाहत नसे. तो खाली सोप्यात उभा राहून वर पाही. हातोडीच्या दांड्याने कडी ठोकत जाई. खणखणीत आवाज आला की पुढे, बद्द आला की तिथे टोच्या घाली. टोच्या सहज शिरला तर लाकूड गेलेले. मग विचारी, पाणी कुठून येते? पाणी थांबवल्याशिवाय लाकडाला हात न लावणारा मेस्त्री चांगला, ही परीक्षा आजही लागू आहे.

कडीचे टोक गेले असेल तर दोन रीती. एक म्हणजे खालून धीरा देऊन वजन उचलायचे, सडका भाग कापून काढायचा आणि त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी कडीच्या उंचीच्या निदान तिप्पट, आणि आरपार बोल्ट. दुसरी, सोपी आणि घरच्या घरी मेस्त्रीकडून करून घेता येईल अशी, म्हणजे जुन्या कडीला बिलगून नवी जोडकडी घालायची आणि चांगल्या भागात ती निदान तीन फूट पुढे न्यायची. दिसायला पहिली सुबक. माझे मत विचाराल तर दुसरी बरी, कारण तीत जुने लाकूड कमी कापले जाते. दोन्हींत टोकाखाली सपाट दगड बसवावा आणि खोबणीत कडीच्या भोवती अर्धा इंच मोकळी जागा ठेवावी. खोबण सिमेंटने लिंपून टाकणारे कामगार पुष्कळ भेटतात, त्यांना हात जोडून थांबवावे. डांबर फासले की झाले असे मानणारेही आहेत. ओल्या लाकडाला डांबर फासले तर पाणी आत कोंडले जाते, एवढेच.

फळीची दुरुस्ती त्या मानाने हलकी. करकरणारी फळी बहुधा कुजलेली नसते, तिचा खिळा सैल झालेला असतो. जुना खिळा उपटून त्याच भोकात जाडा खिळा मारण्यापेक्षा, भोकात सागाची मेख सरसात बुडवून ठोकावी आणि शेजारी स्क्रू पिळावा. पूर्वी सरस तापवून वापरत, १९५९ साली फेव्हिकॉल आल्यापासून ते भांडे चुलीवरून उतरले. फटी बुजवायच्या तर बारीक फटीत राळ आणि लाकडाचा भुसा चाले. पाव इंचाहून मोठ्या फटीत त्याच लाकडाची पट्टी निमुळती तासून, एका बाजूलाच सरस लावून बसवतात. दोन्ही बाजूंना लावला तर फळ्या हलताना पट्टी किंवा फळी चिरते. एका जागी खड्डा पडला किंवा जळले असेल तर सबंध फळी न काढता तेवढा तुकडा कोरून ठिगळ घालायचे, रेषा रेषेला जुळवून. लाकडाची रेषा आडवी लावणारा मेस्त्री म्हणजे कापडाचे ठिगळ उलटे लावणारा शिंपी. झिजलेली फळी उलटून, खालची बाजू रंधून पुन्हा वर आणणे हाही एक जुना उपाय. शेवटी जवसाचे तेल, पातळ हाताने, दोनदा. कोकण-गोव्यात काजूच्या टरफलांचे तेल वाशांना लावत. ते वाळवीला झोंबते तसे हातालाही झोंबते, फोड येतात, म्हणून जमिनीला ते नकोच.

केव्हा करावे? ऐन पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या बसवल्या तर शिमग्यापर्यंत फटी पडतात. वैशाखात खडखडीत वाळलेल्या घट्ट बसवल्या तर आषाढात त्या एकमेकींना ढकलून पाठ उंचावतात. दिवाळीनंतर थंडी सरेपर्यंतचा काळ मधला, आणि मेस्त्रीही याच दिवसांत सुटवांग असतात.

इतके सारे ठाऊक असलेली माणसे गल्लोगल्ली होती, मग ही घरे अशी का ढासळली? घरमालकाला न परवडणारे जुने भाडे, मुलांचे पुण्या-मुंबईला जाणे, ही कारणे खरीच. पण मला त्यांत आणखी एक दिसते. दुरुस्ती या शब्दाचा अर्थच बदलला. पूर्वी दुरुस्ती म्हणजे वाईट झालेले काढणे आणि तेवढेच भरणे. नंतर ती वरून भर घालणे झाली.

याचे भयंकर उदाहरण छपराचे आहे, जमिनीचे नव्हे, पण रचना तीच. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत खण, तुळया, कड्या आणि वर मातीचे सपाट छप्पर असते. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर माती टाकायची. खालची खराब माती काढायची ती काढली गेली नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेला, कित्येक घरांत दीडदोन फुटांवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसे गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरची ती माती यांखाली बहुतेक गेली. ज्या घरांत लाकडी खांब भिंतीपासून स्वतंत्र उभे होते तिथे पुष्कळदा भिंती बाहेर पडल्या आणि कडीपाट उभा राहिला. पण त्यानंतर लोकांच्या मनात जुन्या घराविषयी जी भीती बसली तीत लाकूडही सापडले. दोष लाकडाचा नव्हता.

आमच्याकडच्या माड्यांवर हेच शांतपणे घडले. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शहाबादी फरशी स्वस्त झाली, मग मोझेकच्या टाइल्स आल्या. हौस म्हणून, पाव्हण्यारावळ्यांत शोभावे म्हणून, सारवणाच्या कटकटीतून सुटका म्हणून माडीवर फरशी घातली. हिशेब करून पाहा. इंचभर जाडीची शहाबादी चौरस मीटरला पासष्ट किलोच्या आसपास, तिच्याखालचा दोन इंच सिमेंट-वाळूचा थर शंभर किलो. दहा बाय बाराच्या खोलीत मिळून पावणेदोन टनांच्या वर. जुनी चार बोटे माती तेवढ्याच वजनाची असते, म्हणून माती काढून फरशी घातली तर कड्यांना फारसे कळतही नाही. पण माती काढायला दोन दिवस लागतात, धूळ होते, मजुरी पडते. तशीच मातीवर फरशी घातली की कड्यांवर ओझे दुप्पट. शिवाय मातीची जमीन सांडलेले पाणी शोषते आणि वाऱ्याला परत देते. सिमेंटखाली शिरलेले पाणी वर येऊ शकत नाही, ते फळीतच मुरते. वरून फरशी चकचकीत आणि खालून कडीपाट काळा पडत चाललेला, असे घर पाहिले नाही असा वाचक आमच्या गल्ल्यांत नसेल. तो काळेपणा झाकायला मग खाली प्लायवुडचे छत ठोकतात. तिथून पुढे आत काय चालले आहे हे घरातल्या कोणालाच कळत नाही.

त्यातून वाटण्या. थोरल्याला खालचा सोपा आणि माजघर, धाकट्याला माडी, परडे समाईक. वाटणीपत्रात भिंती येतात, जिना येतो, आडाचे पाणी येते, तुळशीवृंदावनसुद्धा येते. कडीपाट येत नाही. तो वरच्याची जमीन की खालच्याचे छत? वरचा म्हणतो, माझी फरशी ठीक आहे, तुझे छत तू बघ. खालचा म्हणतो, पाणी तुझ्या न्हाणीचे. दोघेही थोडे खरे बोलतात. एका कडीच्या टोकाचे काम, दोन दिवसांचे, आठदहा वर्षे बोलाचालीत राहते आणि तोवर तुळई जाते. मग दोघांच्या सह्या होतात त्या बिल्डरच्या कागदावर. बिल्डर येतो तेव्हा पहिला हिशेब लाकडाचा करतो, हे ज्यांनी सही केली त्यांना नंतर कळते. जुन्या सागवानाला आज नव्यापेक्षा चांगले गिऱ्हाईक आहे. ज्या फळीला घरात कोणी दुरुस्त करीना ती रंधा मारून, पॉलिश करून, दूरच्या हॉटेलात टेबल होऊन बसते.

बडोद्याला गेलात तर तांबेकरवाडा पाहा. गायकवाडांचे दिवाण भाऊ तांबेकर यांचे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचे हे लाकडी चौकटीचे घर पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. लोक भिंतीवरची चित्रे पाहायला जातात. महाभारत, कृष्णलीला आणि मधूनच साहेब-मेमसाहेब, बघण्यासारखेच आहे. पण मानेला त्रास देऊन वर कडीपाटाकडे आणि मग पायाखालीही पाहावे. पुण्यातला विश्रामबागवाडा, दुसऱ्या बाजीरावाचा, तोही असाच. माडीवरच्या सागवानी खांबांमधून चालता येते, जमिनीचा आवाज ऐकता येतो. शनिवारवाड्यात आता ते सुख नाही.

ज्यांच्या घरी अजून माडी आहे त्यांच्यासाठी शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. फळ्या काढायची वेळ आली तर काढण्याआधी प्रत्येकीवर आकडा घालावा, भिंतीकडचे टोक कोणते तेही लिहावे. जुन्या फळ्या एकसारख्या रुंद नसतात. प्रत्येक फळी शेजारणीच्या मापाने तासलेली असते, अदलाबदल झाली की एकही नीट बसत नाही. खडूचे आकडे दोन दिवसांत पुसतात. फळीच्या खालच्या अंगाला खिळ्याने ओरखडे काढावेत, एक, दोन, तीन. पहिली फळी उलटल्यावर खालच्या अंगाकडे जरा निरखून पाहा. पुष्कळदा तिथे ते ओरखडे आधीच असतात.